महाविद्यालयीन परिसरातील पुनर्चक्रण व ऊर्जाबचत

महाविद्यालयीन परिसरातील पुनर्चक्रण व ऊर्जाबचत म्हणजे महाविद्यालयाच्या वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह व उपाहारगृह यांत निर्माण होणाऱ्या टाकाऊ वस्तूंचे वर्गीकरण करून त्यांपासून पुन्हा उपयुक्त पदार्थ मिळवणे आणि त्याच परिसरातील विजेचा व इंधनाचा अनावश्यक वापर टाळणे, यांसाठी केले जाणारे संघटित प्रयत्न होत. या प्रयत्नांत विद्यार्थी, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी व व्यवस्थापन या चारही घटकांचा सहभाग अपेक्षित असतो. प्रस्तुत लेखात या विषयाचा महाराष्ट्राच्या, विशेषतः खान्देशातील जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या संदर्भात परिचय करून दिला आहे.

संज्ञा व व्याप्ती

बोलीभाषेत ‘पुनर्वापर’ व ‘पुनर्चक्रण’ हे शब्द समानार्थी वापरले जात असले, तरी त्यांत भेद आहे. वस्तूचे रूप न बदलता ती पुन्हा उपयोगात आणणे हा पुनर्वापर होय. उदाहरणार्थ, एका बाजूने कोऱ्या असलेल्या कागदांची कच्च्या कामासाठी वही बांधणे. वस्तू मोडून, वितळवून वा तिचा लगदा करून त्या द्रव्यापासून नवी वस्तू तयार करणे हे पुनर्चक्रण होय. उदाहरणार्थ, रद्दीपासून पुठ्ठा तयार करणे. पुनर्चक्रणालाही पाणी, वीज व वाहतूक लागते. म्हणून वापर कमी करणे, पुनर्वापर करणे व शेवटी पुनर्चक्रण करणे असा प्राधान्यक्रम सर्वसाधारणपणे मानला जातो.

ऊर्जाबचतीचेही दोन प्रकार आहेत. रिकाम्या खोलीतील दिवे व पंखे बंद करणे ही सवयीतून होणारी बचत होय. तेच काम कमी विजेत करणारी उपकरणे बसवणे ही कार्यक्षमतेतून होणारी बचत होय. पहिलीला खर्च जवळजवळ नसतो, परंतु ती रोज नव्याने करावी लागते. दुसरीला आरंभी भांडवल लागते, मात्र ती पुढे आपोआप होत राहते.

पार्श्वभूमी

पर्यावरणाचा विषय महाविद्यालयीन शिक्षणात येण्यामागे न्यायालयीन आदेशांचा मोठा वाटा आहे. मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी शिक्षणाच्या सर्व स्तरांवर पर्यावरणाचे शिक्षण देण्याविषयी निर्देश दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी पर्यावरण अभ्यासाचा सामाईक अभ्यासक्रम तयार केला. पर्यावरणपूरक व शाश्वत परिसरविकासासाठी आयोगाने ‘सतत’ या नावाची मार्गदर्शक चौकटही प्रसिद्ध केली आहे.

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेची (नॅक) स्थापना १९९४ मध्ये झाली. तिने २०१७ पासून लागू केलेल्या सुधारित पद्धतीतील सातव्या निकषात अपारंपरिक ऊर्जेचा वापर, एलईडी दिवे, घन, द्रव व ई-कचऱ्याचे व्यवस्थापन आणि हरित लेखापरीक्षण या बाबींची विचारणा केली गेली. त्यामुळे एरवी हौशी उपक्रम समजल्या जाणाऱ्या या गोष्टी महाविद्यालयांच्या औपचारिक कामकाजाचा भाग बनल्या.

महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांवर ते आधारलेले असून कचरा व्यवस्थापनाचा संबंध भूमीशी, तर ऊर्जाबचतीचा अग्नीशी जोडलेला आहे. दरवर्षी १४ डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो.

विद्यापीठीय वर्तुळातून उभ्या राहिलेल्या कार्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्याचे आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्यांनी कचरावेचक स्त्रियांमध्ये केलेल्या कामातून १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना आकारास आली. तिच्या उभारणीत बाबा आढाव यांचे मार्गदर्शन लाभले. वर्गीकृत कचरा हाती आला, तर कचरावेचकांच्या श्रमाला प्रतिष्ठा व रास्त मोबदला मिळू शकतो, ही जाणीव या कार्याने रुजवली.

कायदेशीर चौकट

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी कचऱ्याचे ओला, सुका व घरगुती घातक असे त्रिविध वर्गीकरण उगमस्थानीच करणे आवश्यक ठरवले. पाच हजार चौरस मीटरपेक्षा अधिक क्षेत्र असलेल्या संस्थांनी वर्गीकरण करावे, पुनर्चक्रणयोग्य वस्तू अधिकृत कचरावेचकांकडे अथवा पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे द्याव्यात आणि जैविक कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करावी, अशी तरतूद त्यांत होती. उघड्यावर कचरा जाळण्यासही या नियमांनी मनाई केली. मात्र या नियमांचा रोख मुख्यतः नगरपालिका, जनगणना शहरे व औद्योगिक वसाहतींसारख्या क्षेत्रांवर होता. खेड्यातील महाविद्यालयावर त्यांचे बंधन तितके थेट नव्हते.

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्या, थर्माकोलची ताटे इत्यादी प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली गेली. देशपातळीवर निवडक एकल-वापर प्लॅस्टिक वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासून अमलात आली. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. बाद झालेली विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे नोंदणीकृत यंत्रणेकडेच सोपवली जावीत, हा त्यांचा गाभा आहे.

ऊर्जेच्या क्षेत्रात ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ हा पायाभूत कायदा होय. त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. उपकरणांवर दिसणारी तारांकित पट्टी ही याच ब्यूरोची योजना आहे. छताच्या पंख्यांना अशी पट्टी १ जानेवारी २०२३ पासून बंधनकारक झाली. राज्यात या विषयाचे काम महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण अर्थात ‘महाऊर्जा’ ही संस्था पाहते.

कचऱ्याचे प्रकार व पुनर्चक्रण

कागद. महाविद्यालयात कागदाचा वापर मोठा असतो. जुन्या उत्तरपत्रिका, प्रवेश अर्ज, वर्तमानपत्रे व कालबाह्य नोंदवह्या हे त्याचे मुख्य प्रकार होत. उत्तरपत्रिका गोपनीय असल्यामुळे विहित मुदत संपल्यावर त्यांचा लगदाच होईल याची खात्री करून त्यांची विल्हेवाट लावावी लागते. पुनर्चक्रणाच्या प्रत्येक फेरीत कागदाचे तंतू आखूड होत जातात. त्यामुळे तोच तंतू सर्वसाधारणपणे पाच ते सात वेळाच उपयोगी पडतो. तेलकट किंवा भिजलेला कागद लगद्यासाठी निरुपयोगी ठरतो. म्हणून रद्दी व उपाहारगृहातील कचरा एका टोपलीत टाकल्यास दोन्हींचे मोल जाते.

प्लॅस्टिक. सर्व प्लॅस्टिक एकसारखे नसते. पाण्याच्या बाटल्या पेट या प्रकाराच्या असतात व त्यांना भंगार बाजारात मागणी असते. डबे, झाकणे व बादल्या यांचे प्लॅस्टिक दळून व वितळवून त्याचा दाणा करता येतो. वेफर्स व तत्सम खाद्यपदार्थांची चकाकती पाकिटे मात्र अनेक थरांची असल्याने त्यांचे पुनर्चक्रण परवडत नाही. ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून वापरता येतात. या प्रकाराबाबत वापर घटवणे हाच परिणामकारक उपाय होय.

पालापाचोळा व अन्नाचा कचरा. पानगळीच्या दिवसांत परिसरात साचणारा पाचोळा झाडून जाळण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे धूर होतो व सेंद्रिय द्रव्य वाया जाते. पाचोळ्यात कर्ब अधिक व नत्र कमी असते, तर उष्ट्या अन्नात व भाजीच्या देठांत नत्राचे प्रमाण तुलनेने अधिक असते. दोन्हींचे थर देऊन, शेणकाला शिंपडून व ओलावा निम्म्याच्या आसपास राखून खड्डा भरल्यास दोन ते तीन महिन्यांत कंपोस्ट खत तयार होते. गांडूळखताच्या वाफ्यांना मात्र सावली अनिवार्य असते, कारण ३५ अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान गांडुळांना मानवत नाही.

वसतिगृहाच्या खानावळीतील उष्ट्या अन्नापासून जैववायू मिळवता येतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘निसर्गऋण’ तंत्र आणि आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या पुण्यातील आरती संस्थेचे लहान आकाराचे जैववायू संयंत्र ही या संदर्भातील महाराष्ट्रातील प्रसिद्ध उदाहरणे आहेत.

ई-कचरा व घातक कचरा. बाद संगणक, छपाईयंत्रांच्या काडतुसांचे रिकामे डबे, विजेरी संच, प्रयोगशाळेतील रसायने यांचा यात समावेश होतो. फ्लुओरेसंट नळ्यांमध्ये पारा असतो. त्या फोडून उकिरड्यावर टाकल्यास पारा हवेत व मातीत मिसळतो. जुन्या नळ्या काढून एलईडी दिवे बसवताना काढलेल्या नळ्यांचे काय करायचे, याचा निर्णय खरेदीपूर्वीच व्हावा लागतो. ऊर्जाबचत व कचरा व्यवस्थापन हे विषय परस्परांशी कसे निगडित आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

ऊर्जाबचतीचे उपाय

१,००० वॅटचे उपकरण एक तास चालल्यास एक युनिट वीज खर्च होते. या साध्या सूत्रावरून कोणत्याही वर्गाचा वीजवापर विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येतो.

प्रकाश. जुनी फ्लुओरेसंट नळी चोकसह सुमारे ५० वॅट वीज घेते, तर तितकाच प्रकाश देणारी एलईडी नळी सुमारे २० वॅट. सहा नळ्यांची खोली रोज सहा तास उजळत ठेवल्यास पहिल्या प्रकारात १.८ युनिट, तर दुसऱ्यात ०.७२ युनिट खर्च होते. खिडकीलगतच्या दिव्यांना स्वतंत्र बटण असल्यास दिवसा ते बंद ठेवता येतात.

पंखे. साधा छताचा पंखा पूर्ण वेगाने सुमारे ७५ वॅट घेतो. बीएलडीसी प्रकारच्या पंख्यास सुमारे ३० वॅट पुरतात. चार पंखे सहा तास चालल्यास साध्या पंख्यांचा खर्च १.८ युनिट व नव्यांचा ०.७२ युनिट इतका येतो. उष्ण प्रदेशात पंखे वर्षातील बहुतेक काळ चालतात. त्यामुळे पंखे बदलण्याचा लाभ तेथे अधिक मिळतो.

पाणी उपसणे. पाण्याची बचत ही विजेचीही बचत असते. १,००० लिटर पाणी १०० मीटर उंच उचलण्यास सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ०.२७ युनिट लागते. पंपाची एकूण कार्यक्षमता निम्मी धरल्यास हा आकडा सुमारे ०.५४ युनिटवर जातो. रोज १०,००० लिटर पाणी वापरणारा परिसर केवळ उपशासाठी पाच युनिटांहून अधिक वीज खर्च करतो. भूजलपातळी जितकी खाली, तितका हा खर्च वाढतो.

इमारत. गच्चीला पांढरा रंग वा चुना दिल्यास ऊन परावर्तित होऊन वरच्या मजल्यावरील उष्मा कमी होतो. खान्देशातील जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड भिंती व मातीचे छत यांमुळे घर दुपारीही तुलनेने थंड राहत असे. सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत हे साधण्यासाठी छज्जे, सावली देणारी झाडे व समोरासमोरच्या खिडक्या यांची योजना करावी लागते.

सौरऊर्जा. एक किलोवॅट क्षमतेच्या सौर संचास सुमारे १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते व त्यापासून दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. महाविद्यालयाचे कामकाज दिवसा चालत असल्याने निर्मिती व वापर यांच्या वेळा जुळतात. नेट मीटर पद्धतीत शिल्लक वीज वितरण जाळ्यात जाते व ती पुढील देयकांत वळती होते. वार्षिक हिशेब आर्थिक वर्षाअखेर होत असल्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत साठलेली शिल्लक पावसाळी महिन्यांत उपयोगी पडते. उन्हाळ्यात पट्ट्यांवर धूळ बसून निर्मिती घटते, यासाठी त्यांची नियमित स्वच्छता आवश्यक असते.

तज्ज्ञांच्या मते बचतीचे उपाय आधी व सौर संच नंतर असा क्रम ठेवावा. आधी वापर घटवल्यास लहान क्षमतेचा, म्हणजे कमी खर्चाचा संच पुरेसा ठरतो.

खान्देशातील स्थिती

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा परिसर जळगावनजीक गिरणा नदीच्या बाजूस असून तो सुमारे ६५० एकरांचा आहे. मूळच्या उजाड, चढउताराच्या जमिनीवर वृक्षलागवड व जलसंधारण करून हा परिसर हिरवा करण्यात आला. २०१८ मध्ये विद्यापीठास बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले.

या प्रदेशात उन्हाळ्यात तापमान ४४ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. भुसावळजवळील दीपनगर येथे कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत केंद्र आहे, तर धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून कार्यरत आहे. कोळशाची राख व सूर्यप्रकाश या दोन्ही गोष्टी येथील विद्यार्थ्याला परिचित असल्यामुळे विजेचा प्रश्न त्याला पाठ्यपुस्तकाबाहेर शोधावा लागत नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घकाळचे भारनियमन अनुभवले, तेव्हा वाचलेल्या युनिटाचे मोल सर्वांनाच जाणवले होते.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया तयार करणारे अनेक कारखाने आहेत. जुन्या प्लॅस्टिकपासून केलेला दाणा या उद्योगात कच्चा माल म्हणून वापरला जातो. त्यामुळे स्वच्छ व वर्गीकृत प्लॅस्टिकला या भागात बाजार उपलब्ध आहे.

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर व सुरत–भुसावळ लोहमार्गावर वसले असून तेथे औद्योगिक वसाहतही आहे. अशा गावांतील महाविद्यालयांची स्थिती शहरी महाविद्यालयांहून भिन्न असते. विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून एसटी बसने, रेल्वेने वा दुचाकीने ये-जा करतात. त्यामुळे सायंकाळनंतर परिसरात थांबून काम करणारे विद्यार्थी थोडे असतात. शहरातील घंटागाडीसारखी रोजची व्यवस्था गावोगाव नसते. दोन रंगांच्या टोपल्या ठेवल्या, तरी पुढे त्या रित्या करणारी यंत्रणा नसल्यास दोन्हींतील कचरा अखेरीस एकाच खड्ड्यात जातो.

म्हणून ग्रामीण परिसरात वर्गीकरणाइतकेच महत्त्व साठवणुकीला येते. कागद, पेट बाटल्या, धातू व काच यांसाठी एक कोरडी, कुलूपबंद खोली ठेवणे, गाडीभर माल साठल्यावर महामार्गालगतच्या भंगार व्यापाऱ्याला एकदम बोलावणे आणि जैविक कचरा आवारातच जिरवणे, ही पद्धत अशा ठिकाणी व्यवहार्य मानली जाते. शेण व शेतीचे ज्ञान ग्रामीण महाविद्यालयाला सहज उपलब्ध असते, ही त्याची जमेची बाजू होय. तयार खत परिसरातील झाडांना वा शेतकरी पालकांना देता येते.

अंमलबजावणी

उपक्रमाचा आरंभ मोजणीपासून होतो. एका आठवड्यात किती किलोग्रॅम कोणता कचरा निघतो याची वजनासह नोंद आणि मागील बारा महिन्यांच्या वीजदेयकांतील युनिटांचा तक्ता, या दोन गोष्टी हाती असल्याशिवाय बचत झाली किंवा नाही हे ठरवता येत नाही. गणित, वाणिज्य वा भूगोलाच्या विद्यार्थ्यांना ही मोजणी अभ्यासप्रकल्प म्हणून देता येते.

राष्ट्रीय सेवा योजना ही यासाठी तयार असलेली यंत्रणा आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास नियमित सेवा देणे अपेक्षित असते. वर्गनिहाय दोन विद्यार्थ्यांकडे दिवे व पंखे बंद करण्याची, तर स्वयंसेवकांच्या गटाकडे साठवण-खोलीची जबाबदारी देता येते.

सफाई कर्मचारी व शिपाई यांचे स्थान या साखळीत कळीचे असते. वर्गीकृत टोपल्या प्रत्यक्ष त्यांच्याच हातून उचलल्या जातात. त्यांना हातमोजे, स्वतंत्र पोती व स्पष्ट सूचना न मिळाल्यास, किंवा योजना आखताना त्यांना विचारलेच न गेल्यास, विद्यार्थ्यांनी केलेले वर्गीकरण संध्याकाळी पुन्हा एकत्र होते. भंगार विक्रीच्या उत्पन्नाचा हिशेब फलकावर लावणे व त्याचा काही भाग या कर्मचाऱ्यांसाठी राखणे, हा विश्वास टिकवण्याचा मार्ग आहे.

मर्यादा व टीका

हरित लेखापरीक्षण हे अनेकदा मूल्यांकनाच्या वर्षापुरते उरते, अशी टीका शिक्षणक्षेत्रात केली जाते. अहवालात टोपल्यांची छायाचित्रे असतात, परंतु टोपलीतील कचरा पुढे कोठे गेला याची नोंद नसते. किती दिवे बसवले हे लिहिले जाते. किती युनिट वाचले हे लिहिले जात नाही. स्वच्छता सप्ताहासारख्या प्रासंगिक कार्यक्रमांनी जागृती होते, मात्र दैनंदिन व्यवस्थेची जागा ते घेऊ शकत नाहीत.

दुसरी अडचण सातत्याची आहे. पदवीचा विद्यार्थी तीन-चार वर्षांत परिसर सोडतो व उत्साही शिक्षकाची बदली वा निवृत्ती झाल्यावर उपक्रम खंडित होतो. यावर उपाय म्हणून जबाबदारी व्यक्तीऐवजी पदाशी जोडणे, नोंदवही ग्रंथालयात ठेवणे आणि दरवर्षी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना जुन्या गटाकडून प्रशिक्षण देणे, हे मार्ग सुचवले जातात.

विनाअनुदानित व लहान महाविद्यालयांना एलईडी दिवे, नवे पंखे वा सौर संच यांसाठीचे भांडवल एकरकमी उभे करणे कठीण जाते. अशा संस्थांना टप्प्याटप्प्याने बदल करणे सोयीचे पडते. सर्वाधिक तास चालणाऱ्या खोल्यांपासून, उदाहरणार्थ कार्यालय, ग्रंथालय व वाचनकक्ष यांपासून, आरंभ केल्यास गुंतवलेली रक्कम लवकर वसूल होते व तीच पुढील टप्प्यासाठी वापरता येते.

परिसरात लागलेली सवय विद्यार्थ्यामार्फत घरापर्यंत पोहोचते, हा या उपक्रमांचा मोजता न येणारा लाभ होय. ये-जा करणारा विद्यार्थी रोज संध्याकाळी आपल्या गावी परततो. ज्या गावांत कचरा संकलनाची व्यवस्था अद्याप रुजलेली नाही, तेथे खतखड्डा कसा भरावा व वीजदेयक कसे वाचावे हे जाणणारा तरुण हीच त्या व्यवस्थेची सुरुवात ठरू शकते.